अप्पांचं कोठार

फोटो जड झाला की अप्पा त्याला उपास घडवायचे. गंमत म्हणून सांगत नाही, आमच्या दुकानात त्या कामाचं नावच ते होतं. गिऱ्हाईक पेनड्राइव्हमधून आपल्या दुकानाचा नाहीतर दवाखान्याचा फोटो घेऊन यायचं, अप्पा तो उघडायचे, चष्मा कपाळावर सरकवून पडद्याला नाक लावायचे आणि म्हणायचे, "लई खाऊन आलाय ह्यो. धर उपास." मग मी तो फोटो वेबसाइटला झेपेल इतका हलका करत बसायची. एकदा केला की म्हणायचे, "आनखी." परत केला की परत "आनखी." फोटोतल्या माणसाचं नाक पुसट व्हायला लागलं की हात वर करून कानडीत ओरडायचे, "साकु, साकु!" म्हणजे बस्स झालं. उमरग्याकडचे होते. चिडले तरी कानडी, खूश झाले तरी कानडी, मधल्या वेळेत मराठी.

अप्पा माझे नात्यागोत्यातले कुणी नव्हेत. धाराशिवात कोर्टाच्या मागच्या बोळात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. लोक लग्नाचे फोटो मोबाइलवर काढायला लागले तसा स्टुडिओ बसला, पण अप्पा काही बसले नाहीत. पन्नाशी उलटल्यावर कुठून कुठून बघून, पडत धडपडत वेबसाइट करायला शिकले आणि पाटीवर स्टुडिओच्या नावाखाली आणखी एक ओळ रंगवून घेतली. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, म्हणे तेव्हा कपाळावर हात मारला होता. "कंपूटर शिकायचं वय हाय का हे? लोक ह्या वयात जपमाळ घेत्यात," असं म्हणाल्या होत्या. अप्पा म्हणाले, "माळ तू घे, माऊस म्या घेतो."

मी तिथं गेले ती नोकरीच्या अर्जाला फोटो काढायला. आमच्या बेंबळी गावाहून काळी-पिवळी जीपच्या मागं उभं राहून आलेली, केसांत धूळ, डोकं तापलेलं. खुर्चीत बसल्या बसल्या समोर भिंतीवर एक फ्रेम दिसली. मला राहवेना.

"अप्पा, ती फ्रेम तिरकी हाय."

त्यांनी कॅमेरा खाली ठेवला. मागं वळून बघितलं. "जगाची माणसं बसून गेली की गं ह्या खुर्चीत, एकाला दिसलं न्हाय." मग मला म्हणाले, "अर्ज कसल्या नोकरीचा?"

"मिळंल तिचा."

"मग कशाला अर्ज करतीस? हितंच बस."

झाली मुलाखत. मी बी.ए. झालेली आणि संगणकाचं म्हणाल तर परीक्षेपुरतं आलेलं. शिवाय तोंडाळ. घरात सगळे म्हणायचे, ही कुठं टिकायची नाही. अप्पांकडं मात्र टिकले, कारण अप्पांना भांडायला माणूस लागायचं. मी नव्हते तेव्हा ते प्रिंटरशी भांडायचे.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला आमच्या धंद्याचं सगळं ज्ञान चहा निवायच्या आत देऊन टाकलं. "हे बघ. साइटवरचा मजकूर म्हंजे माणूस. फोटो म्हंजे त्येचं तोंड. आन् ही जी स्टाइलशीट म्हणत्यात ती फाइल म्हंजे त्येची कापडं. रंग कंचा, अक्षर केवढं, कडंला जागा किती, सगळं त्या फाइलीत. कापडं काढून घेतली तर माणूस मरत न्हाय, पर चारचौघांत उभा ऱ्हात न्हाय." मी इतकं सोपं पुढं कुणाकडूनच ऐकलं नाही. आज मी दुकानात नव्या पोरांना शिकवते तेव्हा हेच सांगते, नाव अप्पांचं घेऊन.

त्यांचा एक नियम दगडावरची रेघ होता. इंटरनेटवरनं उचललेला फोटो आमच्या दुकानातल्या साइटवर लागायचा नाही. एक दातांचे डॉक्टर आले होते. त्यांना त्यांच्या साइटवर गोरीपान, बत्तीशी दाखवणारी परदेशी बाई पाहिजे होती. अप्पा म्हणाले, "ही तुमच्याकडं आली हुती का दात दाखवाय?" डॉक्टर म्हणाले, "अहो अप्पा, नुसता नमुना असतो तो." "मग तुमच्याकडं आलेलं माणूस दावा की." डॉक्टर नाराज होऊन गेले. दोन दिवसांनी आपल्या कंपाउंडरच्या आईला घेऊन परत आले. म्हातारीला नवी कवळी बसवली होती. अप्पांनी तिला असं काही हसवलं की तो फोटो बघायला माणसं साइट उघडायला लागली. "उसनं तोंड लावून फिरू न्हाय," एवढंच अप्पा बोलले आणि परत प्रिंटरकडं वळले.

साइट तयार झाली की तिची परीक्षा दुकानात व्हायची नाही. अप्पांकडं एक अगदी साधा, काच तडकलेला फोन होता. तो खिशात टाकून ते एसटीत बसायचे आणि जिथं नेटवर्क मरतं तिथं उतरायचे. कधी येरमाळ्याच्या पुढं, कधी जळकोटच्या एखाद्या धाब्यामागं, आणि सगळ्यात जास्त वेळा आमच्या बेंबळीच्या शिवारात. तिथं बांधावर उभं राहून साइट उघडायची. उघडली तर पास. चाक फिरत राहिलं तर परत दुकानात येऊन सगळ्या फोटोंना आणखी उपास. मी म्हणायची, "अप्पा, बांधावर उभं राहून वकिलाची साइट कोण बघणार हाय?" ते म्हणायचे, "बांधावर उभं ऱ्हाऊनच वकील लागतो बाई."



पण एका बाबतीत मात्र मी त्यांच्याशी रोज भांडले आणि रोज हरले. ती बाब म्हणजे कोठार.

झालं होतं असं. आम्ही करून दिलेल्या प्रत्येक साइटची स्वतःची जागा होती, मजकूर त्या जागेत राहायचा, आणि तिची किल्ली, म्हणजे पासवर्ड, दुकानातल्या वहीत असायची. पण फोटो आणि कपड्यांची ती फाइल अप्पा त्या जागेत ठेवायचेच नाहीत. त्यांनी स्वतःच्या नावानं इंटरनेटवर एक वेगळी जागा वर्षाच्या भाड्यानं घेतली होती. सगळ्या गिऱ्हाइकांचे सगळे फोटो आणि सगळ्यांना मिळून एकच स्टाइलशीट, सगळं तिथं. कुणीही कुठलीही साइट उघडली की मजकूर तिच्या घरातून यायचा आणि तोंड न् कापडं अप्पांच्या कोठारातून यायची.

"एकत्र कुटुंब हाय आपलं," ते कौतुकानं म्हणायचे. "एका जागी बदल केला की सगळ्यांचं झालं. धा घरं झाडाय कोण बसतंय?"

"आन् कोठाराला कुलूप लागलं तर?"

"किल्ली माझ्या डोक्यात हाय. डोक्याला चोर लागत न्हाय."

चोराचं सोडा, त्यांना स्वतःलाच धीर नव्हता. ती फाइल ते बाजूला घेऊन, जपून बदलत नसत. थेट कोठारातच हात घालायचे, आणि तिची दुसरी प्रत म्हणून कुठं नाही. एकदा येरमाळ्याच्या एका पूजासाहित्यवाल्याला देवीच्या यात्रेसाठी साइट पिवळी करून पाहिजे होती. अप्पांनी कोठारात जाऊन रंग बदलला आणि समाधानानं चहा मागवला. चहा यायच्या आत फोन सुरू झाले. वकील पिवळे, हाडांचे डॉक्टर पिवळे, लोखंडाचं दुकान पिवळं. वकीलसाहेब फोनवर म्हणाले, "अप्पा, माझ्या साइटला हळद कुणी लावली? मुहूर्त तरी सांगायचा!" मी हसून हसून टेबलावर डोकं ठेवलं. अप्पा कानडीत बरंच काही बोलले, ते मला कळलं नाही ते बरंच झालं. पण कोठार मोडा म्हटलं तर तोंड फिरवून बसले. "एकाच्या घरची हळद चार घरी लागली म्हून कुणी वाटण्या करत न्हाय," म्हणाले.

आता आईच्या शेळ्यांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यापायी घडलं.

आमच्या बेंबळीत आई आणि तिच्या चार मैत्रिणी शेळ्या पाळतात. आपल्याकडची ती काळीभोर, लांब कानांची जात. बकरी ईदच्या आधी बोकड विकायचे, बाकी वर्षभर पाटी, म्हणजे तरण्या शेळ्या. पूर्वी दलाल यायचा. तो ओट्यावर बसायचा, बाप्या माणसांशी बोलायचा, बोकडाच्या पाठीवर हात फिरवायचा आणि जे सांगेल ते ठरायचं. जिनं बोकड पाजून वाढवला ती दारामागं उभी. आईचा जीव तिथं जळायचा. घास-पाला मी आणायचा न् बोलणी दुसऱ्यानं करायची, असं ती म्हणायची. मी एकदा दुकानात हे सहज बोलून गेले. दुसऱ्या दिवशी अप्पा कॅमेरा घेऊन काळी-पिवळीत माझ्या आधी बसलेले.

त्या दिवशी आमच्या गल्लीची करमणूक झाली. अप्पा बोकडाच्या उंचीला यायचं म्हणून मातीत पालथे पडले. एक पाट त्यांच्या खिशातला रुमाल ओढून चघळायला लागली, तरी हलले नाहीत. आणि हट्ट काय, तर प्रत्येक बोकडाशेजारी त्याची मालकीण उभी राहिली पाहिजे. आईनं पदर नाकापर्यंत ओढला.

"अवो अप्पा, बोकड इकायचाय, मी न्हाय!"

"अक्का, बोकड बोलत न्हाय. घेणाऱ्याला कळाय नको का, कुणाशी बोलायचं ते?"

आई पदर कपाळापर्यंत तरी मागं घ्यायला तयार झाली. साइट लागली. प्रत्येक फोटोखाली बाईचं नाव आणि तिचा फोन. आणि खरोखर फोन यायला लागले. सोलापूर, लातूर, पार बिदरकडनं. माणसं दारात यायची आणि दारात उभं राहून म्हणायची, "फोटोतल्या त्या बाई कुठायत?" बाप्ये आत जाऊन बसायचे आणि आई बाहेर येऊन बोलायची. दलाल पाराजवळ दिसायचा, पण ओट्यावर आला नाही. अप्पांचे मी किती उपकार मानू? आमच्या घरात आईचा आवाज पहिल्यांदा त्या साइटनं ओट्यापर्यंत आणला.

आणि नेमकी ईद तोंडावर आलेली असताना अप्पा दुकानाच्या जिन्यावर छाती धरून खाली बसले. हातातला फोन पायऱ्यांवरनं गडगडत खाली गेला, त्याचे तुकडे झाले. त्यांना सोलापूरला नेलं. छाती उघडावी लागणार, असं डॉक्टर म्हणाले.

आम्ही सगळे त्या काळजीत, आणि मला लातूरहून एका चाचांचा फोन आला. ते दरवर्षी आईकडून बोकड न्यायचे. "बेटा, बकरे के फोटूच नै दिखरे. नुसतं लिखाण दिसायलंय. साइट असलीच हाय ना?" मी साइट उघडली. पांढऱ्या पडद्यावर काळी अक्षरं एकाखाली एक. रंग नाही, कड नाही, फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी. दुसरी साइट उघडली, तीच गत. तिसरी, तीच. कोठाराची वर्षाची मुदत संपली होती. सूचना अप्पांच्या मेलवर गेल्या असणार, आणि त्या मेलचाही पासवर्ड अप्पांच्या डोक्यात. तोंडं गेली, कापडं गेली, सगळं एकत्र कुटुंब भर बाजारात उघडं पडलं.

बाकीची गिऱ्हाइकं थांबली असती. डॉक्टर थांबले, वकील थांबले. ईद थांबत नाही. दोन दिवसांत आईला येणारे फोन आटले. फोटो नसलेल्या साइटवरच्या नंबरला कोण फोन लावतंय? लोकांना फसवणूक वाटायची. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी गेले तर दलाल ओट्यावर बसलेला आणि आई दाराच्या आत उभी. ती मला हळूच म्हणाली, "तू काय वाईट वाटून घिऊ नकोस. बोकड काय घरात ठिवून घ्यायचे हायेत व्हय?"

ती असं समजुतीनं बोलली नसती तर मला इतकं लागलं नसतं.

सकाळी मी सोलापूरची एसटी धरली. अप्पांना पासवर्ड विचारायचा, एवढंच ठरवून गेले. दवाखान्याच्या व्हरांड्यात काकू बसल्या होत्या. चार दिवसांत निम्म्या झालेल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "जा, भेट. पर त्येंच्या जिवाला घोर लागंल असं काय बोलू नगं. डाक्टरनं सांगितलंय." मी मान हलवली आणि आत गेले.

अप्पा नळ्यांमध्ये पडलेले. कपाळावरचा भस्माचा पट्टा तेवढा ताजा होता, काकूंनीच ओढलेला असणार. मला बघितलं आणि शेजारचं मशीन भराभरा वाजायला लागलं. मी घाबरून दोन पावलं मागं सरले. अप्पा माझ्या तोंडाकडं एकटक बघत होते. ओठ हलले.

"काम कसं चाललंय?"

जिभेच्या टोकावर पासवर्ड हा शब्द होता. डोळ्यांपुढं आई दारामागं उभी दिसत होती. आणि पुढ्यात हा माणूस.

"बरं चाललंय अप्पा," मी म्हणाले. "सगळं झ्याक."

त्यांनी डोळे मिटले. नर्सनं मला बाहेर काढलं. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून मी भरपूर रडले आणि तुळजापूर यायच्या आत चिडले. अप्पांवर चिडले, कोठारावर चिडले, स्वतःच्या तोंडावर चिडले, की एरवी चुरुचुरु चालतं आणि आज बरं मिटलं. चिडले की मला काम सुचतं. उतरले ती थेट दुकानात.

फोटो गेले होते ते कोठारातले, हलके केलेले. मूळचे फोटो दुकानातल्या हार्ड डिस्कवर होते. आणि तिथं अप्पांचा आणखी एक खुळा नाद कामाला आला. कॅमेऱ्यानं दिलेला नुसता आकडा नाव म्हणून त्यांना चालायचा नाही. प्रत्येक फोटोचं बारसं करायचे: गाव, मालकीण, जनावर, खूण. मी त्या बारशांना वैतागायची. आता डिस्क उघडली तर बेंबळीच्या नावाखाली आई तिच्या बोकडासकट हजर! मी एकेक फोटो घेतला, त्याला उपास घडवला, आणि कोठाराच्या नावानं चांगभलं म्हणून थेट शेळ्यांच्या साइटच्या स्वतःच्या घरात ठेवला. मग पानावरचे पत्ते बदलले. पूर्वी लिहिलं होतं, फोटो अप्पांच्या कोठारातून आण. आता लिहिलं, फोटो इथलाच, घरातला.

राहिली कपड्यांची फाइल. ती एकुलती एक, कोठारातच गेलेली. मी आयुष्यात स्वतः एकही लिहिली नव्हती. अप्पांच्या फाइलीत बदल करायला तेवढं शिकले होते. बसले. रंग आठवून आठवून घातला, अक्षरं मोठी केली, कडेला जागा सोडली. चुकलं, मोडलं, एकदा तर सगळे बोकड एकावर एक चढून बसले. तरी दिवस मावळायच्या आत साइट उभी राहिली, स्वतःच्या घरात, स्वतःच्या कपड्यांत. मी आईला फोन लावला आणि उघडायला सांगितलं. ती एकेका बोकडाचं नाव मोठ्यानं घेत खाली गेली.

"हिरवा रंग लई गडद झालाय," ती शेवटी म्हणाली. "पर बोकड उठून दिसायलाय."

दुसऱ्या दिवशी लातूरचे चाचा टेम्पो घेऊन आले. ओट्यावर दलाल होता. चाचांनी त्याला ओलांडून दाराकडं बघत विचारलं, "अम्मा कुठायत?" आणि माझी आई डोक्यावरचा पदर सारखा करून उंबऱ्याबाहेर आली. त्या ईदेला तिचे आणि तिच्या मैत्रिणींचे सगळे बोकड त्या पाचजणींनी स्वतः बोलून विकले.

बाकीच्या साइटी मी नंतर एकेक करून तशाच लावल्या. प्रत्येकाचं सामान प्रत्येकाच्या घरी. कोठारात काहीच ठेवायचं राहिलं नाही. आणि मग मला खरं भ्या वाटायला लागलं, की अप्पा परत आल्यावर काय म्हणतील? त्या कोठारावर त्यांचा जीव होता. मी त्यांना न विचारता वाटण्या करून मोकळी झाले होते.

ऑपरेशन नीट झालं. बऱ्याच दिवसांनी अप्पा दुकानात आले, काकूंच्या खांद्याला धरून. वाळले होते, आवाज मात्र तोच. खुर्चीत बसले आणि पहिल्यांदा शेळ्यांची साइट उघडायला लावली. बघता बघता त्यांनी पानाच्या आतला मजकूर उघडला, फोटोंचे पत्ते वाचले. खाली गेले, वर आले. मग वकिलांची उघडली. मग डॉक्टरांची.   मी कपाळाचा घाम पुसला.

"कोठार फोडलंस?"

"व्हय अप्पा. मुदत संपली हुती. सगळ्या साइटी उघड्या पडल्या हुत्या. म्या सोलापूरला आले ती पासवर्ड इचारायलाच, पर तुमाला तसं बघून..."

"ठावं हाय मला," अप्पा म्हणाले. "तुझ्या काकूच्या फोनवर बघितलं हुतं. सगळी उघडी पडलेली बघितली म्या, दवाखान्यात पडून." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तू दारात दिसलीस आन् मला वाटलं, आता ही इचारती. मशीन कशानं बोंबलत हुतं? पासवर्ड मलाच आठवत न्हवता बाई! लई डोकं खाजवलं. काय केल्या येईना."

 काकू तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मग मीही हसले, अप्पाही हसले, आणि छातीला टाके म्हणून हसता हसता कण्हायला लागले. जरा वेळानं शांत झाले. पडद्यावर एकामागून एक साइट उघडत राहिले. सगळ्या धड. एक चौकट रिकामी नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अप्पा, राग आला का?"

"राग?" त्यांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "अगं, आपरेशनला आत नेताना माणूस देवाला काय मागतंय? म्या म्हणलो, मला ने न्हायतर ठिव, पर माझ्यापायी त्या समद्या लोकांची तोंडं पुसू नको. एवढंच मागितलं हुतं. ते तू आदीच करून ठिवलंस."

त्यानंतर अप्पा काही वर्षं होते. दुकानात यायचे, प्रिंटरशी भांडायचे, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला बोलावून त्याच्या साइटची किल्ली त्याच्या हातात द्यायचे. लोक म्हणायचे, आम्हाला काय कळतंय त्यातलं, तुमच्याकडंच राहू द्या. अप्पा जबरदस्तीनं घरी लिहून न्यायला लावायचे. मला मात्र त्यांनी दुकानाचीच किल्ली दिली.

ते गेल्याची बातमी आली तेव्हा मी आईला घेऊन त्यांच्या गावी मातीला जायला निघाले. उमरग्याच्या एसटीत फोन सारखा वाजत होता. खरं आहे का, कधी झालं, कसं झालं. हळहळून झालं की प्रत्येकाचा आवाज थोडा खाली यायचा. विचारावं की विचारू नये, असा. "मग आता... आमच्या साइटचं कसं?"

मला कुणाचाच राग आला नाही. मी प्रत्येकाला म्हणाले, "उघडून बघा." ते फोन कानाला तसाच ठेवून दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवर उघडायचे.  मग पलीकडून आवाज यायचा, "हाय की. समदं जागच्या जागी हाय." मी हो म्हणायची, फोन ठेवायची, आणि आई पदरानं माझं तोंड पुसायची.